कार्ड आले, फाटक नव्हते

एसटीचे स्मार्ट कार्ड मराठवाड्यात का रुजले नाही, याचे एक तयार उत्तर नेहमी मिळते. खेड्यापाड्यातला प्रवासी, हातात साधा मोबाइल, नेटवर्कची बोंब आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनात यंत्राची धास्ती. अशा मुलखात कार्ड चालणार कसे? हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात सगळा दोष प्रवाशाच्या माथी जातो आणि योजना आखणारे मोकळे सुटतात. नांदेड आणि लातूर या दोन शहरांच्या वाहतुकीचा इतिहास तपासला तर हे उत्तर टिकत नाही. या भागातल्या प्रवाशाने गेल्या नव्वद वर्षांत राज्ये बदलताना पाहिली, चलन बदलताना पाहिले, तिकिटाच्या चार तऱ्हा पाहिल्या आणि प्रत्येक बदल फारशी कुरकुर न करता अंगवळणी पाडून घेतला. कार्ड फसले त्याचे कारण दुसरे आहे. पैसे भरून ठेवायचे आणि यंत्राला टेकवायचे कार्ड जगात जन्मले ते फाटकावरची गर्दी झपाट्याने पुढे सरकावी म्हणून. आपल्याकडे ते आले सवलतीचा खरा हक्कदार कोण हे ओळखण्यासाठी. नाव स्मार्ट कार्ड, पण कुळी पासाची. आणि पासाचे भवितव्य चिप ठरवत नाही, सरकारचे सवलतीचे धोरण ठरवते.

आधी हे कार्ड मूळचे कशासाठी होते ते पाहू. दक्षिण कोरियात सोलच्या बसगाड्यांत १९९६ मध्ये असे कार्ड आले. हाँगकाँगचे ऑक्टोपस कार्ड १ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाले, टोकियोच्या रेल्वेवर सुईका २००१ मध्ये, दिल्लीची मेट्रो २००२ च्या डिसेंबरात धावू लागली तेव्हा तिच्या फाटकांवर टोकनांसोबत कार्डही होते आणि लंडनचे ऑयस्टर कार्ड २००३ मध्ये आले. या कार्डात बॅटरी नसते. प्लॅस्टिकच्या थरांत बारीक तारेचे वेटोळे आणि नखापेक्षाही लहान चिप, एवढाच त्याचा संसार. यंत्र १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडत असते. कार्ड यंत्रापासून दोन-चार बोटांवर आले की वेटोळ्यात वीज उमटते, चिप जागी होते, आपली ओळख पटवते, शिल्लक सांगते, भाडे वजा होते आणि नवी शिल्लक चिपवर लिहिली जाते. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत. ज्या स्थानकातून तासाला हजारो माणसे फाटक ओलांडतात तिथे प्रत्येकाचा एकेक सेकंद वाचला तर फलाटावरची रांग वाचते. म्हणून तिथल्या रेल्वे कंपन्यांनी या चिपवर पैसा ओतला. बसमध्येही तीच कथा. हाँगकाँगच्या बसमध्ये वाहक नव्हता. चालकाशेजारच्या पेटीत नाणी टाकून प्रवासी चढत. लंडनमध्ये मागून उघड्या असणाऱ्या जुन्या रूटमास्टर बस २००५ मध्ये नेहमीच्या मार्गांवरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर वाहकही गेला. २०१४ पासून तिथल्या बसने रोख पैसे घेणेच बंद केले. कार्डाने तिथे खिडकीवरच्या कारकुनाचे आणि गाडीतल्या वाहकाचे काम घेतले. 

ऑक्टोपसची आणखी एक बाजू आपल्या चर्चेत सहसा येत नाही. कार्ड लोकांच्या हाती पडले १९९७ मध्ये, पण त्यामागची कंपनी तीन वर्षे आधी, १९९४ मध्ये उभी राहिली होती. हाँगकाँगमधल्या पाच वाहतूक संस्था, त्यांत रेल्वे आल्या, बस आल्या, फेरी बोटीही आल्या, एका टेबलावर बसल्या आणि एकाच खिशातले पैसे आपापसांत कसे वाटायचे ते त्यांनी आधी ठरवले. चिप नंतर आली, करार आधी झाला. याच दृष्टीने मराठवाड्याकडे पाहिले की एक गंमत दिसते. रेल्वे आणि बस एकाच छत्राखाली असणे ही गोष्ट या भागाला नवी नाही. १९३० मध्ये निजाम सरकारने संस्थानातली रेल्वे खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली आणि जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेचा एक विभाग म्हणून मोटार वाहतूक सुरू केली. सुरुवात २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांनी झाली. सरकारी मालकीची बससेवा भारतात सर्वांत आधी सुरू करणाऱ्यांत हैदराबाद संस्थानाचे नाव घेतले जाते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे तेव्हा त्या संस्थानात होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी.

त्या काळी पैसे भरण्याची रीत कशी होती? नांदेड हैदराबाद-मनमाड मार्गावर, विसाव्या शतकाच्या तोंडावर आलेल्या मीटर गेज रेल्वेवर. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी पोहोचली. दोन्ही ठिकाणी प्रवाशाच्या हातात पडायचे ते पुठ्ठ्याचे जाड, बोटभर तिकीट. इंग्लंडमध्ये टॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते काढले, आणि ते प्रवाशाच्या सोयीपेक्षा हिशेबासाठी काढले होते. प्रत्येक तिकिटावर ओळीने क्रमांक. संध्याकाळी शेवटचा क्रमांक पाहिला की दिवसभरात किती तिकिटे विकली आणि कारकुनाने किती पैसे भरायला हवेत ते कळे. म्हणजे तिकीट जन्मापासून दोन धन्यांची चाकरी करत आले आहे: प्रवाशाला ते प्रवासाचा हक्क देते आणि मालकाला नोकराचा हिशेब. त्यातच संस्थानात हाली रुपया आणि हद्दीपलीकडे ब्रिटिशांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. विलीनीकरणानंतरही काही वर्षे दोन्ही चलने शेजारी शेजारी नांदली. मग १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. चौसष्ट पैशांच्या रुपयाचा शंभर पैशांचा रुपया झाला आणि तिकिटाचे दर नव्याने मांडावे लागले. ज्या माणसांनी हे सगळे बिनशाळेचे शिकून घेतले, त्यांची नातवंडे-पतवंडे एका प्लॅस्टिकच्या तुकड्याला घाबरली, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या अकलेचा अवमान आहे.

रेल्वे आणि बस यांची ताटातूट झाली ती स्वातंत्र्यानंतर, आणि ती राज्यकारभाराच्या कारणाने झाली. संस्थानची रेल्वे १९५० मध्ये केंद्र सरकारकडे गेली आणि पुढच्या वर्षी मध्य रेल्वेत मिसळली. बस विभाग १ नोव्हेंबर १९५१ पासून हैदराबाद राज्य सरकारच्या हाती आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा, विदर्भातली सेवा आणि मुंबई राज्याचे महामंडळ मिळून आजचे एसटी महामंडळ बनले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी सगळे सांगतात. मराठवाड्याच्या लाल गाडीमागे त्याहून सोळा वर्षे जुनी आणखी एक वंशावळ आहे हे फारसे कोणी सांगत नाही. नांदेड पुढे दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग झाले, लातूर मध्य रेल्वेकडे राहिले, जिल्ह्याची वाहतूक एसटीकडे, शहरातली महापालिकेकडे. आज नांदेडहून लातूरला जायचे तर रेल्वे परभणी-परळीवरून वळसा घालते आणि एसटी लोहा-अहमदपूरवरून सरळ जाते, पण या दोघींचे वेळापत्रक, दर आणि तिकीट यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तेव्हा एका कार्डावर सगळा प्रवास, ही कल्पना इथे चिपअभावी अडलेली नाही. १९५१ मध्ये जे तुटले ते कोणी परत जोडले नाही, म्हणून ती अडलेली आहे.

आता गाडीत चढू. एसटीला फाटक नाही. गाडी गावाच्या फाट्यावर थांबते, माणसे चढतात, गाडी हलते आणि मग वाहक पुढून मागे सरकत तिकिटे काढतो. तिकीट काढायला लागणारा वेळ इथे धावत्या गाडीत खर्च होतो. त्याच्यामुळे गाडी फारशी खोळंबत नाही. म्हणजे हाँगकाँगला जो अर्धा सेकंद लाखमोलाचा होता, त्याची इथे किंमत जवळजवळ शून्य. वाहकाजवळ आधी तिकिटांची पेटी असे. वेगवेगळ्या किमतीच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, टप्प्यावर भोक पाडायचा पंच आणि मांडीवर वेबिल. सहा किलोमीटरचा एक टप्पा; कोणत्या टप्प्याला पेटीतल्या कोणत्या गड्डीचा कोणता क्रमांक होता ते वेबिलावर लिहायचे, आणि मध्येच तपासनीस चढले तर प्रवासी मोजून तो आकडा जुळवायचा. एडमंडसनचीच युक्ती, फक्त पुठ्ठ्याऐवजी पातळ कागद. सुट्ट्यांची चणचण हा या पद्धतीचा कायमचा दुखरा भाग. त्यावर वाहकांनी स्वतःच तोडगा काढला होता: तिकीट उलटे करून पाठीवर पेनाने बाकी रक्कम लिहायची, खाली एक रेघ ओढायची आणि उतरताना ती परत द्यायची. प्रवाशाचे पैसे वाहतूकदाराकडे काही काळ जमा आणि त्याची नोंद प्रवाशाच्या हातात. रिचार्ज कार्डाचे तत्त्व याहून वेगळे नाही. ते आमच्याकडे चिपच्या आधीपासून होते, पण एका प्रवासापुरते आणि वाहकाच्या शब्दावर.

या पद्धतीत यंत्र आले तेही खळखळ न होता. साधारण २०१० च्या आगेमागे वाहकांच्या हाती तिकीट छापणारी यंत्रे आली आणि पेटी, पंच इतिहासजमा झाले. कागदी वेबिलाचे आकडे यंत्रच ठेवू लागले. २०२२ पासून अँड्रॉइडवर चालणारी नवी यंत्रे आली आणि त्यांच्या पडद्यावर क्यूआर दिसू लागला. सुट्ट्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी २०१८ च्या भाडेवाढीत महामंडळाने भाडे पाचच्या पटीत आणले. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढ झाली तेव्हा भाडे पुन्हा रुपया-रुपयाने मोजले जाऊ लागले आणि सुट्ट्यांवरून वाहक-प्रवाशांची तोंडातोंडी पुन्हा सुरू झाली. या वेळी महामंडळाने प्रवाशांना फोनवरून पैसे द्यायचे आवाहन केले, आणि बरेच जण देऊ लागले. या सगळ्यातून काय दिसते? वाहकाचे आणि प्रवाशाचे ज्याने काम हलके झाले ते तंत्र इथे विनासायास रुजले. मग कार्डच का अडखळले, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

त्याचे उत्तर पासाच्या इतिहासात आहे. एसटी हे धंदा करणारे महामंडळ आहे, पण समाजाच्या अनेक गटांना सरकार सवलत देते ती एसटीच्या हातून. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, पुरस्कारप्राप्त व्यक्ती, आजारी रुग्ण अशा तीसच्या आसपास सवलती आहेत. विद्यार्थ्याला एक तृतीयांश भाड्यात महिन्याचा पास. ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत शाळेसाठी तोही मोफत. लातूरसारख्या शहरात या पासाचे मोल किती, हे सांगायला आकडे लागत नाहीत. बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीने लातूर पॅटर्न हे नाव महाराष्ट्रभर झाले, पण त्या पॅटर्नच्या भोवती औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांतून रोज येऊन-जाऊन शिकणारी मुले-मुली आहेत आणि शहरात खोली करून राहणाऱ्यांचे घरचे डबेही एसटीनेच येत राहिले. या सवलतींचे पैसे सरकार महामंडळाला भरून देते. म्हणजे प्रवासी, महामंडळ आणि सरकार असा तिघांचा व्यवहार. त्यात प्रवासी खरा हक्कदार आहे का आणि त्याने खरेच किती वेळा प्रवास केला, हे सांगणारा साक्षीदार एकच: वाहक. त्याने यंत्रावर सवलतीचे बटण दाबले की सरकारच्या नावावर रक्कम चढली. सरकारला आणि महामंडळाला कार्ड हवे होते ते इथे. फाटक नव्हते, हिशेबाची वही होती आणि तिच्यात दुसऱ्या साक्षीदाराची सही हवी होती.

म्हणून २०१९ च्या जूनमध्ये, दिवाकर रावते परिवहनमंत्री असताना, स्मार्ट कार्ड आले तेव्हा त्यात पैसे भरण्याची सोय सांगितली गेली खरी, पण लोकांना ते घ्यायला लावले गेले ते सवलतीसाठी. ज्येष्ठांनी आधार घेऊन आगारात जायचे, नाव-फोटो नोंदवायचा, पन्नास-पंचावन्न रुपये भरायचे आणि मग कार्डाची वाट पाहायची. कार्ड नसेल तर सवलत बंद होईल अशी तारीख जाहीर व्हायची आणि ती पुढे ढकलली जायची. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत गाड्याच थांबल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यानंतर जे झाले ते निर्णायक होते. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत संपूर्ण मोफत प्रवास मिळाला आणि त्यासाठी आधार किंवा तत्सम ओळखपत्र पुरेसे ठरले. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. या दुसऱ्या सवलतीला तर कोणत्याच कार्डाची गरज उरली नाही. समोर बाई बसली आहे हे वाहकाला दिसते, एवढा पुरावा बास. कार्ड ज्या कामासाठी आणले ते काम दोन शासन निर्णयांनी परस्पर संपवले. त्यात ना नेटवर्कचा दोष होता, ना निलंग्याच्या आजीबाईंचा.

यावर काही आक्षेप येतात आणि ते तोलून पाहिले पाहिजेत. पहिला आक्षेप असा: योजना नीट राबवली असती, कार्डे वेळेत मिळाली असती, संप-साथ आडवी आली नसती, तर कार्ड रुजले असते. यात तथ्य आहे, पण अर्धे. समजा कार्ड प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात पोहोचले असते. तरी २०२२ च्या निर्णयानंतर त्याचा उपयोग काय राहिला असता? आधारने जे होते त्यासाठी दुसरे कार्ड जपून ठेवायला माणूस कशाला तयार होईल? कार्डाला स्वतःचे असे काम असते, म्हणजे त्यात पैसे भरून लोक रोज प्रवास करत असते, तर सवलतीचे नियम बदलल्यावरही ते टिकले असते. दिल्ली मेट्रोचे कार्ड टिकते, कारण ते कुणाच्या सवलतीवर उभे नाही. इथे कार्डाचा एकच खांब होता आणि तो सरकारनेच काढून घेतला.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: आता क्यूआर आणि फोन आहे, कार्डाची चर्चाच कशाला? पानटपरीवरसुद्धा फोनने पैसे जातात, मग बसमध्ये का नको? भाड्याच्या व्यवहारापुरते हे बरोबर आहे, आणि म्हणूनच पैसे भरायचे वेगळे कार्ड एसटीवर लादू नये असे माझे मत आहे. पण फोनची एक मर्यादा आहे. क्यूआरचा व्यवहार पुरा व्हायला वाहकाच्या यंत्राला आणि प्रवाशाच्या फोनला त्याच क्षणी जाळे मिळावे लागते. कार्डाच्या चिपवरची शिल्लक जाळ्याविना वजा होते. घाटात, माळरानावर, अडनिड्या फाट्यावर हा फरक खरा आहे. शिवाय पासधारक विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांच्या हाती अजून स्वतःचा फोन नाही आणि असूही नये असे त्यांच्या पालकांना वाटते. तेव्हा फोन सगळे पुसून टाकेल हे खरे नाही. पण कार्डाची खरी गरज उरते ती पासाच्या जागी, तिकिटाच्या जागी नाही, आणि हा लेख सुरुवातीपासून हेच म्हणतो आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सवलतीचा हिशेब सार्वजनिक पैशाचा आहे. पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशाला यंत्र शून्य रुपयाचे तिकीट देते; ते शून्य रुपयाचे असले तरी छापले जाते, कारण सरकारकडे मागायच्या रकमेचा तोच आधार असतो. प्रत्येक शून्य तिकिटामागे खरा माणूस होता की नाही, हे आधारकार्ड नुसते डोळ्यांनी पाहून कळत नाही. यंत्रावर टेकवलेल्या कार्डाची नोंद मात्र राहते. करदात्याच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र यातून निष्कर्ष निघतो तो वेगळा. हिशेब ज्याला हवा त्याने त्याचा खर्च आणि त्याचे हेलपाटे सोसावेत. सत्तर वर्षांच्या माणसाने आपल्या सवलतीचा पुरावा देण्यासाठी तालुक्याच्या आगारात दोन-तीनदा खेटे घालायचे, पदरचे पैसे भरायचे, आणि शेवटी योजना बदलली म्हणून ते कार्ड ट्रंकेत टाकून द्यायचे, हा न्याय नाही. हिशेब सरकारचा, तर कार्ड सरकारने फुकट आणि शाळेत, ग्रामपंचायतीत, बाजारच्या दिवशी गावात येऊन द्यावे. आणि नोंद ठेवायची तर ती प्रवाशाच्या पाळतीसाठी नव्हे, रकमेच्या पडताळणीसाठी ठेवावी, आणि पडताळणी संपली की पुसून टाकावी.

राहिला प्रश्न शहर बसचा. केंद्राने ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत एकाच देशव्यापी प्रवासी कार्डाचे उद्‌घाटन केले. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या रुपे कार्डावर ते उभे आहे. त्यात जाळ्याविना चालणाऱ्या पाकिटात जास्तीत जास्त २००० रुपये ठेवता येतात, आणि ऑनलाइन भरलेले पैसे एकदा यंत्राला टेकवून चिपवर उतरवून घ्यावे लागतात, तोवर ते बसमध्ये चालत नाहीत. मोठ्या शहरांत मेट्रोच्या स्थानकावर अशी यंत्रे असतात, तिथे हे जमते. नांदेड आणि लातूर ही दोन्ही महापालिकेची शहरे आहेत, नांदेड-वाघाळा १९९७ पासून आणि लातूर २०११ पासून, पण दोन्हीकडे शहर बस हे मुख्य वाहन कधीच झाले नाही. गंज गोलाईपासून कोचिंगच्या गल्ल्यांपर्यंत किंवा वजिराबादपासून सिडको, तरोडा, विष्णुपुरीपर्यंत माणसे जातात ती शेअर ऑटोने. तालुक्याला जातात ती काळीपिवळीने आणि टमटमने. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला देशभरातून नांदेडला उतरणारा यात्रेकरूही स्टेशनाबाहेर येऊन आधी ऑटोच पाहतो. या वाहनांत कार्ड टेकवायचे कुठे? ऑटोवाल्याच्या आरशाला चिकटवलेला क्यूआर तेवढा आहे. तेव्हा शहरासाठी कार्ड आणायचे तर ते मोजक्या बसगाड्यांसाठी आणून उपयोग नाही. हाँगकाँगमध्ये पाच संस्था एकत्र बसल्या त्याप्रमाणे इथे महापालिका, एसटी, रेल्वे आणि ऑटो संघटना आधी एकत्र बसल्या पाहिजेत. ते होत नसेल तर कार्ड म्हणजे उद्‌घाटनाच्या फोटोपुरती वस्तू.

मराठवाड्यातल्या स्मार्ट कार्डाची हकीकत वाईट यंत्रांची किंवा मागास लोकांची नाही. ज्या कामासाठी जगात कार्ड जन्मले ते काम इथे नव्हते, आणि ज्या कामासाठी इथे आणले ते काम सरकारने स्वतःच दोन निर्णयांत निकालात काढले. पुढच्या वेळी नवे कार्ड येईल, आणि ते येणार यात शंका नाही, तेव्हा महामंडळाला, महापालिकांना आणि परिवहन खात्याला विचारायचे प्रश्न तीनच आहेत. हे कार्ड तिकीट म्हणून येते आहे की पास म्हणून? पास असेल तर त्याचा खर्च आणि त्रास कोण सोसणार? तिकीट असेल तर ते ज्या गाड्यांत चालणार त्या गाड्या रस्त्यावर किती आहेत? या तिन्हींची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय नांदेड-लातूरच्या प्रवाशाने नव्या कार्डासाठी रांगेत उभे राहू नये.